पूलचा पंप सारखा हवा ओढतो? गळती कोरड्या बाजूला शोधा

पंप चालू केला की पूलमध्ये पाणी परत सोडणाऱ्या नोझलमधून पाण्याबरोबर बुडबुडे येतात. पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली पाणी काठोकाठ भरत नाही, वर हवेचा गोळा फिरत राहतो. फिल्टरवरच्या गेजचा काटा थरथरतो आणि नेहमीपेक्षा बराच खाली असतो. सकाळी पंप लावला की पाणी उचलायला पाच-दहा मिनिटं जातात, कधी तो उचलतच नाही. मग झाकण काढायचं, बादलीने पाणी ओतायचं, झाकण आवळायचं. दोन-चार दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच.

या दुखण्यात सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो पाणी कुठे ठिबकतंय हे शोधण्यात. हवा ओढणारी गळती पंप चालू असताना ठिबकत नाही. पूलपासून पंपापर्यंतचा पाइप पाणी ओढतो, त्यामुळे त्याच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे फट असेल तर पाणी बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. पंपाच्या पुढे, म्हणजे फिल्टर आणि नोझलच्या बाजूला, पाणी ढकललं जातं. तिथली फट ठिबकते, पण हवा घेत नाही. म्हणून बुडबुडे दिसत असतील तर फिल्टर, मल्टीपोर्ट (फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणारा हँडलचा व्हॉल्व्ह) आणि पुढचे पाइप यांच्यामागे लागू नका. आणि हवा पाण्यापेक्षा इतकी पातळ असते की ज्या फटीतून पाणी जेमतेम पाझरलं असतं, तिथूनही ती भरपूर आत शिरते.

मुळात ही गळतीच आहे का?

पूलचं पाणी स्किमरच्या, म्हणजे भिंतीतल्या वरचं पाणी ओढणाऱ्या खिडकीच्या, तोंडाच्या निम्म्याच्या खाली गेलं असेल तर आधी पाणी भरा. महाराष्ट्रात एप्रिल-मे महिन्यात नुसत्या बाष्पीभवनाने दिवसाला ६ ते ८ मिलिमीटर पातळी सहज उतरते. आठवडाभर लक्ष दिलं नाही तर ५ सेंटिमीटर गेलेच. पातळी बरोबर असूनही स्किमरमध्ये भोवरा दिसत असेल, तर तोंडाशी असलेली हलती फळी पानं किंवा गाळ अडकून उभीच राहिली आहे का ते बघा. ती अडकली की स्किमरमध्ये पुरेसं पाणी येत नाही आणि पंप थेट हवा ओढतो.

सोसायट्यांमधले बरेच पूल ओव्हरफ्लो पद्धतीचे असतात. तिथे स्किमर नसतो, पाणी कडेच्या गटारातून बॅलन्सिंग टँकमध्ये पडतं. अशा ठिकाणी दोन गोष्टी गळतीचं सोंग घेतात. टँकची पातळी उतरली की ओढणाऱ्या पाइपच्या तोंडावर भोवरा तयार होतो. आणि गटाराचं पाणी उंचावरून नेमकं त्या तोंडाशेजारी पडत असेल, तर पडणारं पाणीच बुडबुडे खाली घेऊन जातं. टँकचं झाकण उघडून टॉर्चने बघा. इथे एकही जोड खोलायची गरज नसते. फ्लोट व्हॉल्व्ह नीट करणं, पाणी पडणारा पाइप टँकच्या दुसऱ्या टोकाला वळवणं किंवा मध्ये आडवी भिंत घालणं, एवढंच काम असतं.

पूलला सॉल्ट क्लोरिनेटर असेल तर नोझलमधून धुक्यासारखे अगदी बारीक बुडबुडे येणारच. तो क्लोरीन तयार होताना सुटणारा हायड्रोजन असतो. क्लोरिनेटर बंद करून पंप चालू ठेवा. बुडबुडे थांबले तर प्लंबिंगचा दोष नाही. फक्त व्हॅक्यूम मारतानाच (तळाचा गाळ नळीने ओढतानाच) हवा येत असेल तर व्हॅक्यूमचा नळीपाइप आणि त्याची फिरती कड तपासा, पंपाकडे जाऊ नका.

पंपातून खडी दळल्यासारखा आवाज येतो पण नोझलमधून बुडबुडे येत नाहीत, ही वेगळी तक्रार आहे. तिथे पंपाला पाणी कमी पडतंय: जाळी भरलेली, व्हॉल्व्ह अर्धवट बंद किंवा पाइप लहान. ६३ मिमीच्या पाइपचा आतला व्यास साधारण ५७ मिमी धरला, तर ताशी १५ हजार लिटरला पाण्याचा वेग सेकंदाला १.६ मीटर होतो आणि २० हजार लिटरला २.२ मीटर. ओढणाऱ्या बाजूला तो १.८ मीटरच्या आत हवा. मोठा पंप बसवला पण पाइप जुनाच ठेवला, तर ओढ वाढते आणि आधी गप्प असलेले जोडही हवा घ्यायला लागतात. पंप बदलल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर हे आधी तपासा.

पंपाचं झाकण

पंप पाण्याच्या पातळीपेक्षा खाली, तळघरातल्या प्लांट रूममध्ये असेल, तर झाकणाला हात लावण्याआधी ओढणाऱ्या बाजूचे आणि परतीचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. नाहीतर अख्खा पूल खोलीत उतरेल. पंपाचा एमसीबी खाली पाडा, नुसत्या टायमरवर विसंबू नका.

झाकणाची ओ-रिंग बाहेर काढा, सुक्या फडक्याने पुसा आणि बोटांत धरून हळूहळू फिरवत पूर्ण फेरी बघा. कुठे चपटी झाली आहे का, ताणल्यावर बारीक भेगा उघडतात का, एका जागी वाळूचा कण रुतून खड्डा पडला आहे का. रिंग बसते ती खाचही कापडाने साफ करा. एवढ्याशा वाळूच्या कणाने किंवा एका केसानेही हवा जाते, आणि झाकण कितीही आवळलं तरी थांबत नाही. चपटी झालेली रिंग उलटी करून बसवली तर चार दिवस चालते, तेवढ्यात नवी आणा. रिंग घेताना पंपाचं मॉडेल सांगूनच घ्या. अंदाजाने घेतलेली थोडी जाड रिंग झाकणाला तडा देते.

रिंगला सिलिकॉनचं ग्रीस लावायचं, तेही बोटाने पुसट. व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावू नका. पूलच्या बहुतेक रिंगा ईपीडीएम रबराच्या असतात आणि खनिज तेलाने ते रबर फुगून मऊ पडतं. झाकण हाताने आवळा. पाना मारायची वेळ येत असेल तर रिंग किंवा झाकण बदलायला झालंय. झाकणाच्या आट्यांपासून निघालेली केसासारखी चीर उजेडाकडे धरल्याशिवाय दिसत नाही, तेव्हा तेही करा.

जाळीच्या भांड्याच्या बुडाशी पाणी काढायचे एक-दोन प्लग असतात, ते लोक हमखास विसरतात. त्यांनाही रिंग असते. पावसाळ्यात पंप रिकामा केला आणि नंतर प्लग रिंगेशिवाय बसवला, की हवा तिथूनच येते.

फेसाची चाचणी

दाढी करायचा फेस या कामाला उत्तम, कारण तो लावलेल्या जागी टिकतो. साबणाचं पाणी चालतं, पण लवकर ओघळतं. पंप चालू ठेवा आणि एकेका जोडावर बोटभर जाड फेस लावा: झाकणाची कड, प्लग, पंपाच्या तोंडाचा जोड, युनियन (हाताने खोलता येणारा आट्यांचा जोड), प्रत्येक व्हॉल्व्हचा दांडा, केमिकल डोसिंगची बारीक नळी ओढणाऱ्या बाजूला जोडली असेल तर तिचाही जोड. मोटरवर आणि वायरिंगवर फेस किंवा पाणी जाऊ देऊ नका.

मग नुसतं बघत राहायचं, एका जागी मिनिटभर. हवा ओढणाऱ्या जागी फेसात सुईने टोचल्यासारखा खळगा पडतो, तो हळूहळू खोल जातो आणि फेस त्या फटीत खेचला जातो. त्याच वेळी दुसऱ्या माणसाला पंपाच्या झाकणाकडे बघायला सांगा. फेसाने फट बुजली की काही क्षण झाकणाखालचे बुडबुडे थांबतात किंवा कमी होतात. जागा सापडल्याची यापेक्षा चांगली खूण नाही.

पंप पाण्याच्या पातळीखाली असेल तर आणखी सोपी पद्धत आहे. पंप बंद करा, व्हॉल्व्ह उघडे ठेवा, सगळे जोड सुक्या फडक्याने कोरडे करा आणि पंधरा मिनिटांनी टिश्यू पेपर फिरवा. चालू असताना हवा ओढणारा जोड बंद असताना ओला होतो. बोअरचं पाणी वापरणाऱ्या पूलला तर तेवढीही मेहनत लागत नाही, कारण अशा जोडावर क्षाराचा पांढरा पापुद्रा आधीच धरलेला असतो.

तोंडाचा जोड: दुखणं परत परत येतं ते इथून

झाकण आणि रिंग ठीक असेल तर पुढचा संशय पंपाच्या तोंडात आट्यांनी बसलेल्या पीव्हीसीच्या एमटीएवर (बाहेरून आटे असलेल्या जोडतुकड्यावर) घ्या. रिंग बदलूनही महिन्याभरात तक्रार परत येते, तेव्हा बहुतेक वेळा गुन्हेगार हाच असतो.

याचं कारण समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही. पंप एकदा कोरडा किंवा अर्धवट पाण्यावर चालला की भांड्यातलं तेच पाणी घुसळून तापतं. यूपीव्हीसी, म्हणजे पाइप-फिटिंगचं कडक प्लास्टिक, ६० अंशांच्या आसपास नरम पडायला लागतं. आवळलेल्या एमटीएचे आटे त्या उष्णतेत आक्रसतात, गार झाल्यावर ते लहानच राहतात. आता आट्यांमध्ये फट आहे, तिथून हवा येते, हवेमुळे प्राइमिंग (पंपात भरून राहिलेलं पाणी) सुटतं, पंप पुन्हा कोरडा चालतो, पुन्हा तापतो आणि फट वाढते. रोज सकाळी बादली ओतून पंप चालू करणं म्हणजे हे चक्र रोज एक पाऊल पुढे ढकलणं. काढलेला एमटीए हातात घेतला तर डोळ्यांना कळतं: पहिले दोन-तीन आटे बसकट झालेले आणि टोक किंचित आत वळलेलं.

बाहेरून एमसील किंवा सिलिकॉन फासून हे थांबत नाही. पंपाच्या थरथरीने आणि पाइप तापून-निवून लांबी बदलत असल्याने तो थर काही आठवड्यांत सुटतो. शिवाय पुढच्या माणसाला जोड खोलताना तो खरवडत बसावं लागतं. नवा एमटीएच घाला, आणि तो असा:

१. पाइप पंपापासून इतक्या अंतरावर कापा की नवा एमटीए, युनियन आणि सरळ तुकडा बसेल. पंपाच्या तोंडाला चिकटून एल्बो देऊ नका. पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट, म्हणजे ६३ मिमीला साधारण ३० सेंटिमीटर, सरळ पाइप हवा.

२. जुना एमटीए सोडवताना पंपाच्या तोंडाला जोर देऊ नका. सुटत नसेल तर आतून हॅक्सॉच्या पात्याने लांबीत दोन चिरा मारून तुकडे काढा. पंपाच्या आट्यांना पातं लागता कामा नये.

३. शेड्यूल ८०चा जाड भिंतीचा एमटीए घ्या, तो उष्णतेत कमी आक्रसतो. आट्यांवर टेफलॉन टेपचे ४ ते ५ वेढे द्या. आट्यांचं टोक आपल्याकडे धरून वेढे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, नाहीतर आवळताना टेप गुंडाळून निघते. सफेदा आणि सुतळी जीआय (लोखंडी) पाइपला ठीक, प्लास्टिकला नाही. सुतळी ओली होऊन फुगली की पंपाचं तोंड फाटतं. आट्यांना सोल्युशनही (पाइप चिकटवायचा डिंक) लावू नका.

४. हाताने घट्ट होईपर्यंत फिरवा, मग पान्याने एक ते दीड फेरी. त्यापुढे जाऊ नका, पंपाचं तोंड तडकलं तर भांडंच बदलावं लागेल.

५. उरलेले जोड सोल्युशनने करा. पाइप काटकोनात सरळ कापा, कड कानशीने घासा, कापताना आत उठलेले कंगोरे काढा. पाइप आणि फिटिंग दोन्ही क्लीनरने पुसा, दोन्हीकडे सोल्युशन लावा, पाव फेरी फिरवत तळापर्यंत बसवा आणि अर्धा मिनिट दाबून धरा. २४ तास पंप लावू नका, पावसाळ्यात थोडं जास्तच थांबा.

इथे आपल्याकडचा एक खास घोळ होतो. शेतीच्या आणि साध्या प्लंबिंगच्या दुकानात मिळणारा पाइप ६३ मिमी बाहेरच्या व्यासाचा असतो. शेड्यूल ४० आणि ८० चा २ इंची पाइप मात्र ६०.३ मिमीचा. दोघांनाही दुकानात दोन इंचीच म्हणतात. ६०.३ मिमीचा पाइप ६३ च्या सॉकेटमध्ये सैल बसतो, आणि ती जवळजवळ तीन मिलिमीटरची फट जाड सोल्युशनने भरली जाते. दाबाच्या बाजूला असा जोड काही वर्षं निभावतो, ओढणाऱ्या बाजूला लवकरच हवा घेतो. दीड इंचीतही तेच: ५० मिमी आणि ४८.३ मिमी. पाइप आणि फिटिंग घेताना कॅलिपरने मोजा आणि गरज पडली तर एका मापावरून दुसऱ्यावर जाणारं योग्य फिटिंगच वापरा.

युरोपी पद्धतीच्या काही पंपांना आट्यांऐवजी मोठी युनियन असते. तिथे आटे आक्रसण्याचा प्रश्न कमी, पण युनियनच्या दोन तोंडांमधली रिंग सरकलेली किंवा पाइप तिरका असल्याने एका बाजूने उघडी पडलेली असते. पाइपला खाली आधार द्या, मग युनियन आवळा. पाइपचं वजन पंपाने पेलायचं नसतं.

व्हॉल्व्हच्या दांड्याची रिंग झिजली असेल तर फेस दांड्याच्या मुळाशी आत ओढला जातो. तीन वाटांच्या व्हॉल्व्हची वरची झाकणी खोलून रिंगा बदलता येतात. साधा चिकटवलेला बॉल व्हॉल्व्ह कापून दुसरा घालणंच बरं.

पंपापाशी काही सापडलं नाही तर

आता व्हॉल्व्ह बंद करून एकेक वाट वेगळी काढा. स्किमर बंद, फक्त मेन ड्रेन (पूलच्या तळाचं ओढणारं तोंड). मग उलट. मग व्हॅक्यूम लाइन. ज्या वाटेवर बुडबुडे येतात ती दोषी. ही चाचणी करताना पूलमध्ये कुणीही नको, विशेषतः मुलं. सगळी ओढ एकाच मेन ड्रेनवर असताना अंग किंवा केस त्यावर चिकटले तर सोडवणं कठीण होतं, यात जीव गेलेले आहेत.

मेन ड्रेनचा पाइप खोल असतो आणि वरच्या पाण्याचा दाब त्याच्यावर असतो, त्यामुळे तो फुटला तर बहुधा पाणी गमावतो, हवा घेत नाही. संशय उथळ भागांवर घ्या: स्किमरच्या बुडाचा जोड, व्हॅक्यूम लाइनचं झाकण, जमिनीतून पंपाकडे वर येणारा उभा पाइप. काळ्या मातीच्या जमिनीत ही शक्यता जास्त, कारण ती माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते आणि कडेच्या फरशीसकट पाइपला वर-खाली करते.

फरशी फोडण्याआधी बादलीची परीक्षा करा. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, तिच्यात पूलच्या पातळीइतकं पाणी भरा आणि आत-बाहेर दोन खुणा करा. २४ तास पंप चालू, मग २४ तास पंप बंद, दोन्ही वेळा फरक मोजा. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर तेवढी गळती. पंप बंद असताना जास्त उतरत असेल आणि चालू असताना बुडबुडे येत असतील, तर ओढणारा पाइप जमिनीखाली गळतोय. पंप चालू असताना जास्त उतरत असेल तर परतीचा पाइप बघा.

खात्रीसाठी त्या वाटेची दोन्ही टोकं रबरी प्लगने बंद करून पाण्याने १ बार दाब द्या आणि अर्धा तास काटा बघा. हवेचा कॉम्प्रेसर लावू नका. दाबलेली हवा प्लग गोळीसारखा उडवते. आणि कोकण-गोव्यात पावसाळ्यात पाइप तपासायला म्हणून पूल रिकामा करू नका. भूजल वर आलेलं असतं, रिकामा पूल खालून उचलला जाऊन तडकू शकतो. फायबरचा असेल तर अख्खा वर येतो.

एक जागा मात्र गळतीशिवायही त्रास देते. ओढणारा पाइप भिंतीवरून चढून पंपाकडे उतरला असेल, तर त्या कमानीत हवा साठते आणि दर काही तासांनी एकदम पंपात येते. तिथे कुठलीही रिंग बदलून उपयोग नाही. पाइप पूलपासून पंपापर्यंत सतत किंचित चढता ठेवा.

दुरुस्तीनंतर

फिल्टरवरचा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच पंप चालू करा. फिल्टरमध्ये कोंडलेली हवा दाबली गेली आणि झाकणाचा पट्टा सैल असला तर झाकण उडतं, म्हणून सुरू होताना फिल्टरवर वाकू नका. मल्टीपोर्टचं हँडल पंप चालू असताना फिरवू नका. हवा सोडायच्या व्हॉल्व्हमधून पाण्याची धार लागली की तो बंद करा. झाकणाखालची हवा दोन-तीन मिनिटांत निघून जायला हवी.

गेजवरचा स्थिर दाब कागदावर लिहून फिल्टरवर चिकटवा. रात्री पंप बंद करा. सकाळी चालू करण्याआधी झाकणातून बघा: पंप पाण्याच्या पातळीच्या वर असेल तर भांडं रात्रभर भरलेलं राहिलं पाहिजे, खाली असेल तर एकही जोड ओला नको. सलग तीन सकाळी असं दिसलं की मगच फरशीवरचा पसारा आवरा आणि जुना एमटीए फेकून द्या.